सर्पगंधेची लागवड आणि वनसंपत्तीची खरी किंमत

अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात नैसर्गिक साधनसंपत्तीचे दोन प्रकार सांगितले जातात : संपणारी आणि पुनर्निर्माण होणारी. कोळसा व खनिज तेल पहिल्या प्रकारात येतात. वने, मासे व वनस्पती दुसऱ्या प्रकारात. परंतु दुसऱ्या प्रकारातील संपत्तीही तिच्या वाढीच्या वेगापेक्षा अधिक वेगाने उपसली गेल्यास संपुष्टात येते. हे तत्त्व समजून घेण्यासाठी भारतीय वनांतील सर्पगंधा या लहानशा वनस्पतीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या वनस्पतीच्या आधुनिक इतिहासाचा मोठा भाग कोलकाता शहरात घडला. तिचे बी सावलीच्या वाफ्यात पेरून रोप वाढवण्यास किती श्रम व किती काळ लागतो, हे पाहिले म्हणजे वनातून ‘फुकट’ मिळणाऱ्या मुळाची खरी किंमत लक्षात येते. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

वनस्पतीचा परिचय

सर्पगंधेचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना असे आहे. ती कण्हेर व सदाफुलीच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. हिमालयाच्या पायथ्याचा तराई प्रदेश, ईशान्य भारत, बंगाल, पूर्व व पश्चिम घाट आणि कोकण या भागांतील ओलसर वनांत मोठ्या वृक्षांच्या छायेखाली ती आढळते. मराठीत तिला हरकाय, अडकई अशीही नावे आहेत. तिची उंची सामान्यतः अर्धा मीटरच्या आसपास असते. पाने बहुधा तीन-तीनच्या वलयांत येतात. फुले पांढरी किंवा किंचित गुलाबी, त्यांचे देठ तांबडे. फळे प्रथम हिरवी व पिकल्यावर जांभळट काळी होतात. औषधी द्रव्ये प्रामुख्याने मुळात, आणि त्यातही मुळाच्या सालीत असतात. सर्पगंधेच्या आर्थिक प्रश्नाचे मूळ येथेच आहे. पाने, फुले किंवा फळे तोडल्यास झाड जिवंत राहते. मूळ काढले की झाडच संपते.

कोलकात्यातील इतिहास

हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, हावड्यातील शिवपूर येथे १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने वनस्पती उद्यानाची स्थापना झाली. २००९ पासून ते आचार्य जगदीशचंद्र बोस भारतीय वनस्पती उद्यान या नावाने ओळखले जाते. व्यापारास उपयुक्त अशा वनस्पती येथे रुजवून त्यांचा प्रसार करणे, हा उद्यानाचा एक प्रमुख हेतू होता. चीनहून आणलेल्या चहाच्या बियांपासून १८३० च्या दशकात येथे रोपे तयार करण्यात आली. १८६० च्या दशकात उद्यानाचे अधीक्षक थॉमस अँडरसन यांच्या देखरेखीखाली दक्षिण अमेरिकेतील सिंकोना या वृक्षाची लागवड दार्जिलिंगच्या डोंगरात सुरू झाली आणि मंगपू येथे सरकारी मळे उभे राहिले. सिंकोनाच्या सालीपासून निघणारे क्विनाइन हे त्या काळी हिवतापावरील एकमेव प्रभावी औषध होते. साल काढण्याजोगी होईपर्यंत अनेक वर्षे थांबावे लागते. ती वर्षे थांबण्याचा खर्च सरकारने सोसला.

सर्पगंधेच्या वाट्याला मात्र अशी लागवड आली नाही. तिचे आज रूढ असलेले शास्त्रीय नाव शिवपूर उद्यानातील वनस्पतिसंग्रहाचे अभिरक्षक सल्पिझ कुर्झ यांच्या १८७७ मधील ग्रंथातून प्रस्थापित झाले. वनस्पतीची नोंद झाली, वर्गीकरण झाले. परंतु ती वनात आपोआप उगवत असल्याने तिचा मळा करण्याची गरज कोणास भासली नाही. परदेशातून आणलेल्या वनस्पतीला पीक मानले गेले आणि देशी वनस्पतीला वनातील फुकटची वस्तू.

विसाव्या शतकात चित्र बदलले. लोकवैद्यकात सर्पगंधेचे मूळ सर्पदंश, निद्रानाश व वेड यांवर पूर्वीपासून दिले जात असे. १९३१ मध्ये कोलकात्यातील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या विकारांवर तिचा उपयोग होत असल्याचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातील अल्कलॉइड द्रव्ये वेगळी केल्याचे जाहीर केले. १९३३ मध्ये कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुळाच्या औषधी क्रियेचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडली आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. या कार्याबद्दल त्यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी रेसर्पिन हे द्रव्य मुळातून वेगळे केले.

परिणामी मागणी एकदम वाढली. पुरवठा मात्र वनातूनच होत राहिला. मुळे बेसुमार खोदली जाऊ लागल्याने १९५० च्या दशकाच्या मध्यास भारत सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. १९९० मध्ये संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश झाला. या परिशिष्टातील जातींचा व्यापार पूर्णपणे बंद नसतो. तो परवान्याच्या आधारे नियंत्रित केला जातो, हा भेद विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

बीजापासून रोप

सर्पगंधेची अभिवृद्धी तीन प्रकारे करता येते : बियांपासून, मुळांच्या तुकड्यांपासून आणि खोडाच्या छाटांपासून. छाटाची पद्धत सोपी वाटते व तिच्यात मातृवृक्षाचे गुण जसेच्या तसे उतरतात. परंतु बियांपासून वाढलेल्या रोपाला खोल जाणारे सोटमूळ फुटते, तर छाटापासून वाढलेल्या रोपाला तशी मुळे येत नाहीत. लागवडीच्या प्रयोगांत दोन वर्षांनंतर हेक्टरी मिळालेले वाळलेल्या मुळांचे उत्पादन बियांच्या रोपांपासून सुमारे १,१०० ते १,२०० किलो, मुळांच्या तुकड्यांपासून सुमारे ३५० किलो आणि खोडाच्या छाटांपासून सुमारे १७५ किलो असे आढळले आहे. ज्या पिकाचे उत्पादन म्हणजे मूळच आहे, त्यात हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय बियांपासूनच्या रोपांत जनुकीय विविधता टिकून राहते.

मात्र बियांची उगवण ही या पिकातील सर्वांत कठीण पायरी होय. बीज कठीण कवचाच्या आत असते आणि अनेक बियांत गर्भ पूर्ण विकसित झालेला नसतो. त्यामुळे उगवण कमी व अनिश्चित असते. निवडलेल्या बियांतही ती बहुधा निम्म्याहून कमी राहते. बी जुने झाल्यास ती आणखी घटते. म्हणून पुढील पद्धत अवलंबली जाते.

बी गोळा करणे : फळे एकाच वेळी पिकत नाहीत. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंत जांभळट काळी झालेली फळे वेळोवेळी वेचावी लागतात. गर चोळून, धुवून, बी सावलीत सुकवतात.

बी निवडणे : बी पाण्यात टाकल्यावर तरंगणारे हलके बी पोकळ समजून काढून टाकतात, तळाशी बसलेले जड बी पेरणीसाठी ठेवतात. पेरणीपूर्वी ते सुमारे २४ तास पाण्यात भिजवतात.

वाफा तयार करणे : अर्धवट सावलीत गादीवाफा करतात. त्यात गाळाची माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत मिसळतात. वनात सर्पगंधेचे बी वृक्षांखालच्या कुजलेल्या पानांच्या थरात रुजते. वाफ्यात तीच परिस्थिती निर्माण करायची असते.

पेरणी व पुनर्लागण : एप्रिल-मे महिन्यांत बी उथळ पेरून बारीक खताने झाकतात आणि ओल कायम राखतात. साधारण १५ ते २० दिवसांनी उगवण सुरू होते आणि ती पुढे कित्येक दिवस थोडीथोडी चालू राहते. रोपांना चार ते सहा पाने आली, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी, पावसाळ्यात त्यांची पुनर्लागण करतात.

कोलकात्याच्या हवामानात हे वेळापत्रक चांगले जुळते. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर येणारी कालबैशाखीची वादळे अधूनमधून पाऊस देतात आणि जूनच्या पूर्वार्धात मोसमी पाऊस येतो. अडचण आहे ती पाण्याच्या निचऱ्याची. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील बारीक गाळाची जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि साचलेल्या पाण्यात सर्पगंधेचे मूळ कुजते. त्यामुळे आंबा, फणस यांसारख्या झाडांच्या सावलीत जागा असली, तरी वाफा उंच करणे आवश्यक ठरते. सावलीही गडद नको. पानांतून झिरपणारे ऊन मिळाल्यास वाढ चांगली होते.

रोप ओळखण्यातही काळजी घ्यावी लागते. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली राउवोल्फिया टेट्राफायला ही जवळची जात बंगालमध्ये पडीक जागी सर्रास उगवते आणि खऱ्या सर्पगंधेत तिची भेसळ होते. तिची पाने चार-चारच्या वलयांत येतात आणि एकाच वलयातील पाने लहानमोठी असतात.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सर्पगंधेतील द्रव्ये तीव्र असून त्यांमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या उतरणे, तीव्र नैराश्य येणे असे परिणाम होऊ शकतात. बागेत लावलेल्या झाडाचे मूळ घरगुती औषध म्हणून घेऊ नये.

प्रतीक्षेचा खर्च

पुनर्लागण झाल्यानंतर मूळ काढण्यायोग्य होण्यास किमान दीड वर्ष आणि सामान्यतः दोन ते तीन वर्षे लागतात. हिवाळ्यात पाने गळल्यावर मुळे खोदतात. या काळाचा आर्थिक अर्थ एका साध्या गणिताने स्पष्ट होईल.

रोपे ४५ सेंटिमीटर व ३० सेंटिमीटर अंतरावर लावली, असे गृहीत धरू. एका हेक्टरमध्ये सुमारे ७४,००० रोपे बसतील. वाळलेल्या मुळांचे उत्पादन हेक्टरी १,१५० किलो मानल्यास दर रोपामागे सुमारे १५ ग्रॅम मूळ मिळते. म्हणजे एक किलो वाळलेल्या मुळासाठी साठ ते सत्तर झाडे मुळासकट काढावी लागतात. हीच रोपे खोडाच्या छाटांपासून वाढवलेली असतील, तर एका किलोसाठी चारशेहून अधिक झाडे लागतील.

आता वेळेचा हिशेब पाहू. शेतकऱ्याने बी, रोपवाटिका व मजुरी यांवर आज १,००० रुपये खर्च केले आणि व्याजाचा दर वार्षिक १० टक्के आहे, असे मानू. तीन वर्षांनी त्याला केवळ आपला खर्च भरून काढण्यासाठी १,३३१ रुपये मिळाले पाहिजेत. यात या काळातील निंदणी व राखणीचा खर्च, उगवण फसण्याचा धोका आणि किंमत पडण्याची शक्यता धरलेली नाही. त्याच जमिनीवर दुसरे पीक घेऊन मिळाले असते ते उत्पन्न, म्हणजेच वैकल्पिक खर्च, हाही यात मिळवावा लागेल.

याउलट वनात मूळ खोदणाऱ्या व्यक्तीला बियांचा, सावलीचा, प्रतीक्षेचा वा धोक्याचा खर्च करावा लागत नाही. हा सर्व खर्च निसर्गाने आधीच केलेला असतो. तिचा खर्च एक-दोन दिवसांच्या श्रमाचा. बाजारात दोन्ही मुळे एकाच ढिगात विकली जातात आणि भाव ठरतो तो कमी खर्चाच्या मुळावरून. परिणामी लागवड करणारा तोट्यात जातो आणि खोदाई चालूच राहते. साधनसंपत्ती आज वापरल्याने उद्याच्या वापराचे जे नुकसान होते, त्याला अर्थशास्त्रात उपयोक्ता खर्च म्हणतात. वनातून आलेल्या मुळाच्या भावात हा खर्च समाविष्ट नसतो. सर्पगंधेच्या ऱ्हासाचे आर्थिक कारण हेच आहे.

दोष संग्राहकाचा की व्यवस्थेचा?

हा दोष मुळे खोदणाऱ्या व्यक्तीच्या माथी मारणे सोपे असले, तरी शास्त्रीय दृष्टीने ते अपुरे आहे. एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मासेमारीच्या संदर्भात दाखवून दिले की, जेथे कोणासही प्रवेश मोकळा असतो, तेथे संयम पाळणाऱ्यास संयमाचे फळ मिळत नाही. आज सोडलेले झाड उद्या दुसराच कोणी खोदून नेतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये याच विचाराला ‘सामायिकांची शोकांतिका’ असे नाव दिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र १९९० मधील ग्रंथात हे स्पष्ट केले की, सामायिक मालमत्ता आणि मुक्तप्रवेश मालमत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या समुदायास आपल्या साधनसंपत्तीवर निश्चित हक्क असतो व स्वतः नियम करण्याची मुभा असते, तो समुदाय ती संपत्ती दीर्घकाळ टिकवू शकतो. या कार्याबद्दल त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा आहे. त्याने गौण वनोपजावरील वनवासींच्या हक्कास मान्यता दिली आणि औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा गौण वनोपजाच्या व्याख्येत स्पष्ट समावेश केला. हक्क निश्चित झाल्यास बी गळून पडेपर्यंत खोदाई न करणे, एका भागात काही वर्षे खोदाई बंद ठेवणे, काढलेल्या झाडाच्या जागी बी पेरणे असे नियम ग्रामसभा करू शकते. केवळ बंदी घातल्यास व्यापार लपून चालतो आणि संग्राहकाला मिळणारा भाव आणखी घसरतो.

धोरणाची दिशा

औषधी वनस्पतींच्या क्षेत्रात समन्वय साधण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २००० मध्ये राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना केली. हे मंडळ आता आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने जैविक संपत्तीच्या व्यापारी वापरातील लाभाचे वाटप करण्याची तरतूद केली आणि २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पतींना त्यातील काही अटींतून सूट दिली. दोहोंमागे एक समान धारणा दिसते : मागणीचा भार वनाकडून शेताकडे वळवावा. ही दिशा योग्य असली, तरी ती यशस्वी होण्यास तीन गोष्टींची पूर्तता व्हावी लागेल.

पहिली, खात्रीच्या बियाण्याची. उगवण अनिश्चित असताना लहान शेतकऱ्याने ताज्या, निवडलेल्या बियाण्याविना हा धोका पत्करावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. दुसरी, प्रतीक्षाकाळातील अर्थसाहाय्याची. सिंकोनाच्या बाबतीत सरकारने प्रतीक्षेचा खर्च सोसला होता. सर्पगंधेच्या बाबतीत तो एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. कोकणातील किंवा बंगालमधील फळबागांच्या अर्धसावलीत आंतरपीक म्हणून लागवड केल्यास जमिनीचा वैकल्पिक खर्च कमी होऊ शकतो. तिसरी, विश्वासार्ह प्रमाणपत्राची. वनातून आणलेले मूळ लागवडीचे म्हणून विकता येत असेल, तर सवलतीचा लाभ नेमका चुकीच्या व्यक्तीस मिळेल.

शहरी बागांचे स्थान

या सर्व विचारात शहरातील सावलीच्या बागेला काय स्थान आहे? उत्पादनाच्या दृष्टीने फारसे नाही. वरील गणितानुसार दहा चौरस मीटरच्या वाफ्यात सुमारे ७४ झाडे बसतील आणि तीन वर्षांच्या अखेरीस त्यांपासून जेमतेम एक किलोभर वाळलेले मूळ मिळेल. पण मूळ न काढल्यास तीच झाडे दरवर्षी फळतात. मूळ हे भांडवल आहे आणि बी हे त्यावरील व्याज. वनात भांडवलच काढून खाल्ले गेले. बागेत व्याजावर भागवता येते. विल्यम केरी यांनी १८२० मध्ये स्थापन केलेली आणि आज अलीपूर येथे असलेली भारतीय कृषी व उद्यान संस्था, तसेच शिवपूरचे उद्यान, अशा संस्थांच्या परंपरेमुळे कोलकात्यात बागकामाची जाण जुनी आहे. शाळा, महाविद्यालये व घरे यांच्या आवारातील सावलीच्या जागा देशी वनौषधींचे बी राखण्यास उपयोगी पडू शकतात. ज्याने शंभर बिया पेरून तीस-चाळीस रोपे हाती आल्याचे पाहिले आहे, त्याला बाजारातील स्वस्त मुळामागील न भरलेले देणे समजावून सांगावे लागत नाही.

समारोप

सर्पगंधेने गेल्या शतकात उच्च रक्तदाबाच्या उपचारांना नवी दिशा दिली. आता त्या विकारावर दुसरी औषधे प्रचलित आहेत. तरीही आयुर्वेदीय औषधनिर्मितीत तिच्या मुळाला मागणी आहे आणि वनांतील तिची संख्या चिंताजनक आहे. पुनर्निर्माणक्षम संपत्ती आपोआप पुन्हा निर्माण होत नाही. त्यासाठी बी, सावली आणि काळ यांची तरतूद कोणीतरी करावी लागते. ती तरतूद कोणी करावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न सोडवणे म्हणजेच शाश्वत विकासाचे धोरण ठरवणे होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. सामायिक मालमत्ता व मुक्तप्रवेश मालमत्ता यांतील फरक वनौषधींच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. लागवडीस उत्तेजन दिल्याने वनांवरील भार कमी होईलच असे नाही. या विधानाची चर्चा करा.

३. गौण वनोपजावरील हक्क आणि जैवविविधतेचे संवर्धन ही उद्दिष्टे परस्परपूरक कशी ठरू शकतील?